सेवा आपल्या उंबरठ्यापासून

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर. वक्ते दक्षिण रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनियर, पर्मनंट वे, या पदावर आहेत.)



या व्यासपीठावर दरवर्षी कोणी प्राध्यापक येतात किंवा कीर्तनकार येतात. या वेळी समितीने माझ्यासारख्या रूळ, खडी आणि स्लीपर यांच्या हिशेबात आयुष्य काढणाऱ्या माणसाला उभे केले आहे. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, भरती मंडळाच्या परीक्षेने दक्षिणेत आणले आणि इथल्या पाण्याने इथेच ठेवून घेतले. तेव्हा भाषणात अलंकार कमी आणि हिशेब जास्त असेल, एवढे सांभाळून घ्यावे.

समितीने विषय दिला आहे, ‘तरुण आणि सेवा’. या विषयावर पुस्तकी बोलण्यापेक्षा जे डोळ्यांनी पाहिले ते सांगावे असे ठरवले. आणि मी जे पाहिले ते आपल्या गावापासून सायकलच्या अंतरावर असलेल्या एका लहान चर्चच्या तरुण मंडळात पाहिले. गणपतीच्या मांडवात चर्चची गोष्ट कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात गैर नाही. म्हणून आधी त्याबद्दल दोन शब्द बोलतो.

आपण ज्या भूमीत राहतो ती कावेरीकाठची भूमी सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांची होती. तुळजाजीराजांच्या काळात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नावाचे जर्मन पाद्री तंजावरात राहत. ते १७५० साली तरंगंबाडीला आले होते आणि तमिळ, मराठी अशा इथल्या भाषा शिकले होते. १७८० नंतर हैदरअलीच्या स्वारीत सारा मुलूख उजाड झाला आणि तंजावरच्या किल्ल्यात माणसे उपाशी मरू लागली. बाहेर खेड्यांत धान्य होते, पण ते आणायला बैल मिळेनात. पूर्वी बैल नेऊन मोबदला बुडवला गेला होता, त्यामुळे सरकारी शब्दावर रयतेचा विश्वास उरला नव्हता. शेवटी राजांनी श्वार्ट्झ यांना शब्द टाकायला सांगितले. त्यांनी स्वतःच्या नावाने गावोगाव पत्रे पाठवली. एक-दोन दिवसांत सुमारे हजार बैल किल्ल्याशी आले, धान्य आत आले, आणि श्वार्ट्झ यांनी ज्याचा त्याचा मोबदला चुकता केला.

पुढे १७८७ साली तुळजाजीराजांनी आपले दत्तक पुत्र सरफोजी यांना याच माणसाच्या देखरेखीत सोपवले. ज्यांच्यामुळे सरस्वती महाल ग्रंथालय जगात नावाजले ते हेच सरफोजीराजे. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले. राजांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून आणले. ते आजही शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये पाहायला मिळते. राजे शेवटपर्यंत आपल्या धर्मात राहिले आणि गुरूचे ऋणही त्यांनी मानले. मराठी राजाने जे केले ते आपण मराठी माणसांनी करण्यात संकोच नसावा.

आणि चर्च म्हणजे काही परकी गोष्ट, असेही आपल्याला म्हणता येणार नाही. आमचे एक मामा वसईला राहत. शिकत असताना मी त्यांच्याकडे जात असे. वसईच्या ख्रिस्ती बांधवांची प्रार्थना मराठीत चालते, घरातली बोली सामवेदी किंवा वाडवळी असते. १९१८ साली तिथल्या मोन्सिनिअर मोनीस यांनी सावकारीतून आपल्या लोकांना सोडवण्यासाठी सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये आपल्याला सोडून गेले, ते याच मातीतले. या लोकांची एक रीत मी लहानपणी पाहिली होती: आधी आपली आळी, मग गाव, मग जग. तीच रीत मला इथे, तमिळ मुलखात, पुन्हा भेटली.

आता मूळ गोष्ट. आमच्या गँगमध्ये एक ट्रॅकमन आहेत. शांत स्वभावाचे, कामाला चोख. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते आणि त्यांच्या चर्चच्या तरुण मंडळाची चिटणीस आहे. हे चर्च कुंभकोणम धर्मप्रांतात मोडते. हा धर्मप्रांत १८९९ सालचा, म्हणजे चांगला जुना आहे. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, “सार, रविवारी या, आमच्या मुलांचे काम पाहा.” मी गेलो. एकदा गेलो तो मग बऱ्याच रविवारी जात राहिलो.

रविवारची मिस्सा संपते. मोठी माणसे घरी जातात. पंधरा-सोळा मुले-मुली चर्चच्या ओसरीवर गोल करून बसतात. मध्ये एक जाड वही असते, शाळेत हजेरीला असते तशी. या मंडळाचे भांडवल म्हणजे ती वही.

तमिळनाडूतील चर्चमध्ये ‘अन्बियम’ नावाची व्यवस्था आहे. ‘अन्बु’ म्हणजे प्रेम, त्यावरून हा शब्द. वीस-तीस शेजारी कुटुंबांचा एक गट करायचा आणि त्यांनी पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जमायचे. या मुलांच्या वहीत अन्बियमप्रमाणे घरांची यादी आहे. कोणत्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे. कोणाला साखरेच्या गोळ्या लागतात आणि त्या कधी संपतात. रेशन दुकानात कोणाच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला उमटत नाही. कोणाचा मुलगा परदेशी आहे आणि फोन केव्हा येतो. कोणत्या मुलाने शाळा सोडली. एवढे सगळे साध्या निळ्या शाईत लिहिलेले.

वहीवरून कामे वाटली जातात. दोघांची जोडी, एक जुना आणि एक नवा. एक जोडी आजींच्या गोळ्या आणून देते. दुसरी रेशन दुकानात आजोबांबरोबर रांगेत उभी राहते. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले भरून देतात. कोणी सरकारी दवाखान्यात दाखल असेल तर रात्री सोबतीला बसायच्या पाळ्या लावतात, कारण घरचा एकच माणूस तीन रात्री जागला की तोही आजारी पडतो. भाद्रपदाच्या सुमारास वेलांकण्णीची यात्रा असते. २९ ऑगस्टला तिथे ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला मुख्य सण. भगव्या कपड्यांतले यात्रेकरू पायी चालत जातात, अगदी आपल्या वारीसारखे. २०२५ साली तर चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि लगेच दोन दिवसांत वेलांकण्णीचा ध्वज चढला. त्या दिवसांत ही मुले रस्त्यावर पाणी आणि ताक घेऊन उभी असतात. पण त्या चिटणीस मुलीने मला एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “रस्त्यावरच्या कामाला चाळीस जण येतात सार. वहीच्या कामाला पंधरा.” या एका वाक्यात माझे अर्धे भाषण आले.

त्यांचे काही नियम आहेत. कोणाच्या घरी फोटो काढायचा नाही. कोणाला काय दिले ते बाहेर बोलायचे नाही. पैसे लागतातच, त्यासाठी बैठकीत एक बंद पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची. कोणी किती टाकले, किंवा काहीच टाकले नाही, ते कोणाला कळत नाही. गरीब घरचा मुलगाही त्यामुळे ताठ मानेने बसतो.

सगळे सुरळीत चालते असे समजू नका. मार्च महिन्यात परीक्षा आल्या की ओसरीवर चार-पाचच डोकी दिसतात. शिक्षण संपले की मुले चेन्नई, तिरुप्पूर, सिंगापूर गाठतात. आणि आपल्याच लोकांत काम करताना अवघड प्रसंग येतात. एका घराला हे मंडळ तांदूळ देत होते. घरातला कर्ता पिणारा, तो तांदूळ विकू लागला. गल्लीत बोभाटा झाला, ‘पोरांचे डोके फिरले आहे’ असे मोठी माणसे म्हणू लागली. मला वाटले आता फादर निर्णय देतील. फादर काही बोलले नाहीत. मुलांनीच ओसरीवर बसून विचार केला. तांदूळ कोणासाठी होता? त्या घरातल्या दुसरीतल्या मुलासाठी. तो मुलगा सकाळी उपाशी का राहतो? सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी मिळते. ही योजना राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केली आणि ऑगस्ट २०२३ पासून राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. पण न्याहारी मिळते शाळा भरण्याआधी, आणि त्या पोराला तेव्हा कोणी उठवत नाही. मग उपाय काय निघाला? तांदूळ बंद केला आणि शेजारच्या घरातल्या एका मुलाने त्याला रोज सकाळी सायकलवर शाळेत सोडायचे ठरले. खर्च शून्य. पोर दोन वेळा जेवू लागले, शाळाही चुकेना. एखाद्या मोठ्या संस्थेला हा उपाय सुचला नसता, कारण पोर किती वाजता उठते हे शेजाऱ्यालाच माहीत असते.

ही विचार करायची पद्धत त्यांना कोठून मिळाली, हे मी नंतर शोधले. बेल्जियममध्ये जोसेफ कार्डाइन नावाचे पाद्री होते. १८८२ सालचा जन्म, साध्या घरातले. त्यांचे शाळासोबती लहान वयातच कारखान्यांत कामाला लागले होते. या कामगार मुलांसाठी त्यांनी १९२५ साली संघटना उभी केली. तिची शिकवण तीन शब्दांची: पाहा, पारखा, करा. आधी स्वतःच्या डोळ्यांनी परिस्थिती पाहायची, मग आपल्या मूल्यांवर ती पारखायची, आणि मग हातून होईल एवढे काम करायचे. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनीही आपल्या पत्रात ही पद्धत सांगितली. रेल्वेतील माझ्या मित्रांना हे ओळखीचे वाटेल. आपण तरी काय करतो? इन्स्पेक्शन, दोषाचे कारण, दुरुस्ती. कारण न पाहता खडी ओतत राहिलो तर रूळ पुन्हा तिथेच दबतो. तांदळाचेही तसेच होते.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. आदल्याच वर्षी शहरात पटकीची भयंकर साथ येऊन गेली होती. विद्यार्थ्यांच्या एका वादसभेत कोणीतरी त्याला विचारले, तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही स्वतः काय करता? या प्रश्नाला व्याख्यानाने उत्तर देता येत नव्हते. ओझानाम आणि त्याचे मोजके मित्र सिस्टर रोझाली रँद्यू यांच्याकडे गेले. त्या शहरातल्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षे काम करत होत्या. त्यांनी या मुलांना घरोघर कसे जायचे, कोणाशी कसे बोलायचे, हे शिकवले. त्यातून सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी उभी राहिली. आज ती जगभर पसरली आहे. आपल्या भागातल्या चर्चमध्येही तिच्या शाखा असतात. बंद पिशवीची रीत तिथलीच. ओझानामला विचारलेला प्रश्न मला आपल्यालाही लागू वाटतो. लोकमान्यांनी १८९३ साली उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, हे आपण दरवर्षी सांगतो. आज आपण काय करतो?

आता कोणी म्हणेल, सेवाच करायची तर मोठी करावी. पूरग्रस्तांना, भूकंपग्रस्तांना मदत पाठवावी. जरूर पाठवावी. पण आपल्याच माणसांत केलेली सेवा हे लहान किंवा सोपे काम आहे असे मात्र समजू नये.

२६ डिसेंबर २००४, रविवार. त्सुनामी आली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. पुढच्या दिवसांत देशभरातून मदतीचे ट्रक आले. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. कोळी लोक स्वाभिमानी, दुसऱ्यांचे वापरलेले कपडे ते घालत नाहीत, हे दूरच्या माणसाला ठाऊक नव्हते. त्याच वेळी कडलूर जिल्ह्यात परंगीपेट्टैच्या मुस्लिम जमातीचे लोक पहिल्या दिवसापासून धावले. जमातीतल्या तरुणांनी आजूबाजूच्या हिंदू कोळी गावांतल्या माणसांना बाहेर काढले, आणि जमातीने त्यांच्यासाठी जेवण शिजवले. शेजाऱ्याला भूक कळते, चव कळते आणि मानही कळतो. बाहेरच्या मदतीने पुढे घरे उभी राहिली, हेही तितकेच खरे. दोन्ही लागतात. पण पहिला हात शेजाऱ्याचा असतो.

परक्या ठिकाणी सेवा केली की चार दिवसांत परत यायचे असते. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. आपल्या गल्लीत तसे नसते. आजी म्हणते, “तुझ्या बापाने माझे उसने अजून दिले नाही, आणि तू आलास गोळ्या घेऊन!” हे ऐकून घ्यावे लागते आणि पुढच्या रविवारी पुन्हा जावे लागते. शिवाय घेणारा आणि देणारा कायमचे वेगळे राहत नाहीत. ज्या मुलाने एका घरी दवाखान्याची पाळी केली, त्याच्याच आईला पुढच्या वर्षी ताप आला तेव्हा त्या घरातली मुलगी सोबतीला बसली. यात उपकार कोणाचे आणि कोणावर? उपकाराची भाषाच तिथे संपते.

एक प्रश्न मला आपल्यातल्याच एका ज्येष्ठांनी विचारला. या सेवेमागे हेतू काय? स्पष्ट विचारले, हे बरे केले. मी जे पाहिले ते सांगतो. त्यांच्या वहीतली बहुतेक घरे त्यांच्याच धर्मग्रामातली आहेत. मधली दोन-तीन घरे हिंदू आहेत, ती केवळ त्याच गल्लीत आहेत म्हणून. तिथे गोळ्या पोचतात, प्रवचन पोचत नाही. आपल्याच माणसांची सेवा करणाऱ्याला कोणाला ओढून आणायचे नसते, फक्त आहेत त्यांना सांभाळायचे असते. मला त्यांच्याकडून हेच घ्यावेसे वाटले. त्यांची श्रद्धा त्यांच्याजवळ, आपली आपल्याजवळ. वही मात्र उसनी घ्यायला हरकत नाही.

आता माझ्या खात्यातली एक गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांना रेल्वे म्हणजे ड्रायव्हर आणि स्टेशन मास्तर एवढीच माहीत असते. रुळावर एक कीमन असतो. त्याला ठरलेले काही किलोमीटर दिलेले असतात. रोज सकाळी तो हातोडा, पाना आणि झेंडे घेऊन निघतो. जाताना एका रुळाच्या कडेने जातो, येताना दुसऱ्या रुळाच्या. सैल झालेली क्लिप ठोकतो, तडा दिसला तर झेंडा दाखवून गाडी थांबवतो. उन्हात, पावसात, पोंगलला आणि दिवाळीला कोणी ना कोणी चालतच असतो. अपघात झाला की वर्तमानपत्रात बातमी येते. कीमनमुळे न झालेल्या अपघाताची बातमी कधी येत नाही. आणि त्याची खरी किंमत त्याच्या ओळखीत असते. कोणत्या पुलाजवळ पावसाळ्यात माती खचते, हे त्याला कागद न बघता माहीत असते. आपल्या माणसांत करायची सेवा अशी कीमनसारखी असावी. रोजची, ठरलेल्या हद्दीतली, आणि पायी.

आता आपल्याकडे वळतो. आपण इथे किती घरे? मोजकीच. काही तंजावरी मराठी कुटुंबे, जी शतकांपूर्वी आली आणि ज्यांच्या मराठीत तमिळचा गोडवा मिसळला आहे. काही विटा, आटपाडी, खानापूर, तासगावकडची गलाई करणारी कुटुंबे. आणि आम्ही बदलीवर येणारी नोकरदार मंडळी. अकरा दिवस आपण एकत्र येतो, आरती होते, मुलांची नाटुकली होतात, महाप्रसाद होतो. मग मांडव सुटतो आणि आपण एकमेकांना थेट पुढच्या चतुर्थीला भेटतो.

या घरांत आज कोण आहे ते पाहा. गलाईच्या कामात आयुष्य गेलेले आजोबा, ज्यांना तमिळ बोलता येते पण वाचता येत नाही. गावाकडून सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या मावशी, ज्यांना दवाखान्यातली चिठ्ठी कळत नाही. रेल्वेतल्या सहकाऱ्याची विधवा पत्नी, जिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा ते तिला ठाऊक नाही. आणि याच घरांत आपली मुले आहेत, इथे जन्मलेली, इथल्या शाळेत शिकलेली, ज्यांना तमिळ पाण्यासारखे येते. आपल्या मुलांच्या हातात असलेले हे धन आपण ओळखलेले नाही. लाखो रुपयांची देणगी आपण देऊ शकणार नाही. पण आजोबांना बँकेचे पत्र वाचून दाखवणे, हे आपल्या दहावीतल्या मुलीइतके चांगले दुसरे कोणीच करू शकणार नाही. तमिळ शेजाऱ्याला मराठी येत नाही, गावाकडच्या नातेवाइकाला तमिळ येत नाही. दोन्ही येते ते फक्त आपल्या पोरांना.

दुसरी गोष्ट थोडी जड आहे, पण बोलली पाहिजे. मागे आपल्यातल्या एका आजोबांचे निधन झाले. मुले गावाकडून निघाली होती, पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. खांदा देणाऱ्या सहा जणांत चौघे त्यांच्या गल्लीतले तमिळ शेजारी होते, पितळी समया ओतणारे कारागीर. न बोलावता आले, भट्टी बंद ठेवून आले. त्या चौघांचे ऋण आपल्या समाजावर आहे. ते फेडायचे तर त्यांच्या दारी प्रसंग आला की आपल्या तरुणांचे खांदे तिथे असले पाहिजेत. आणि आपल्या घरी प्रसंग आला तर पहिले खांदे आपलेही असावेत.

म्हणून समितीपुढे माझी मागणी साधी आहे. अनंतचतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी आपल्या तरुणांनी एक वही घालावी. घरोघर जाऊन विचारून लिहावे: कोण एकटे आहे, कोणाला कागद वाचून हवेत, रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण येऊ शकेल, रक्तगट कोणता, खांद्याला कोण तयार. महिन्यातून दोन रविवारी तासभर बसावे. मुलींचा यात बरोबरीने वाटा असावा, माझ्या पाहण्यात तिथली वही मुलीच नीट ठेवतात. वर्गणीतला ठराविक भाग समितीने या कामासाठी बाजूला काढावा, मात्र तो मागायला तरुणांना दर वेळी हात पसरावा लागू नये. फोटो नकोत. स्मरणिकेत नावे नकोत. आणि जो कोणी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर जाईल, त्याने आपली घरे धाकट्याला प्रत्यक्ष दाखवून मगच जावे. आम्ही बदलीच्या वेळी सेक्शन हातात देताना नव्या माणसाबरोबर एकदा रुळावरून चालतो, तसे.

मंडळी लहान, काम कसे होणार, अशी शंका येईल. इथल्या देवळातला दगडी गरुड आपण सर्वांनी पाहिला आहे. मार्गळी आणि पंगुनीच्या उत्सवांत तो बाहेर निघतो. गाभाऱ्यातून चौघे उचलतात, मग आठ लागतात, मग सोळा, मग बत्तीस, चौसष्ट, आणि रस्त्यावर येईपर्यंत एकशे अठ्ठावीस. गरुडाचे वजन खरेच वाढते का, हे इंजिनियरला विचारू नका. श्रद्धेच्या गोष्टीला मी टेप लावत नाही. मला एवढेच दिसते की पहिले चौघे जण पुढच्या एकशे चोवीस जणांची वाट पाहत गाभाऱ्यात बसून राहत नाहीत. ते उचलतात, म्हणून बाकीचे येतात. आपल्याला आज चार जण हवे आहेत.

आपल्या गावाची समई साऱ्या देशात जाते. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी ती आहे. समई आपण एकदाच विकत घेतो. तेल रोज घालावे लागते, वात रोज पुढे सारावी लागते. उत्सव ही आपली समई आहे. ती पूर्वजांनी घेऊन ठेवली आहे, सुंदर आहे. तेलाचे काम तरुणांचे.

व्यासपीठावरून उतरण्याआधी एक व्यावहारिक सूचना. वही मी आणली आहे, शंभर पानी, कोरी. ती प्रसादाच्या टेबलावर ठेवतो. ज्या चौघांना पहिले नाव लिहायचे असेल त्यांनी आज आरतीनंतर लिहावे. आई-वडिलांनी अडवू नये, एवढी विनंती.



गणपती बाप्पा मोरया!